एका मिनिटात साडेनऊ कोटी थेंब

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत मिळून दात किती असतील? प्रश्न वेडगळ वाटेल, पण हिशोब सोपा आहे. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती. बेरीज ९,३३,७९९. तान्ह्या बाळांचे अजून न आलेले आणि आजोबांचे पडून गेलेले वजा करून माणशी सरासरी २४ दात धरले, तरी सव्वादोन कोटींच्या जवळ जातो आपण. शिवाय आकडा जुना आहे. त्यानंतर बदलापुरात किती टॉवर उभे राहिले, ते कर्जत लाइनने जाणाऱ्याला गाडीच्या खिडकीतूनच दिसतं.

२५ मार्च २०२० रोजी कोविडची टाळेबंदी लागली आणि या सव्वादोन कोटी दातांना जवळजवळ कोणी वाली उरला नाही. लोकल त्याच्या दोन दिवस आधीच थांबल्या होत्या. दवाखान्यांची शटर खाली होती. दाढदुखीला मात्र टाळेबंदी लागू नव्हती. लोक लवंगेचं तेल लावत होते, मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं आणत होते आणि डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर उघड्या तोंडाचे अंधारे फोटो पाठवत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साडेतीनशे कोटी माणसांना तोंडाचा काही ना काही आजार आहे, म्हणजे निम्म्या जगाला. तेच प्रमाण इथे लावलं तर या तीन शहरांत साडेचार लाखांहून जास्त तोंडं कुठे ना कुठे बिघडलेली.

मग दवाखाने लगेच उघडले का नाहीत? डॉक्टर घाबरले होते, आणि घाबरायला कारण होतं. मार्च २०२०च्या मध्यावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने कोणत्या व्यवसायात संसर्गाचा धोका किती, याचा एक आलेख छापला. त्यात दातांच्या दवाखान्यातली माणसं अगदी वरच्या टोकाला होती. रुग्णाला मास्क घालता येत नाही, डॉक्टरचा चेहरा त्याच्या तोंडापासून जेमतेम हातभर दूर, आणि मध्ये एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र.

हा एअरोटर १९५७ साली बाजारात आला. तोपर्यंतची यंत्रं याच्यापुढे फार संथ होती, आणि दात कोरून घेणं ही शिक्षाच होती. एअरोटर दाबाखालच्या हवेवर चालतो आणि मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेतो. चार लाख धरले तर सेकंदाला ६,६६७. त्याच्या टोकाला सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा बर, म्हणजे कोरणारं टोक, असतो. गुणाकार केला तर या बरच्या कडेचा वेग ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास निघतो. कल्याणहून बदलापूरला येणारी लोकल थांबे घेत घेत याच्या निम्म्या सरासरीनेही पोहोचत नाही.

एवढ्या वेगाने दात तापतो, म्हणून त्यावर पाण्याचा फवारा लागतो, मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर. यातलं बहुतेक पाणी तोंडातच साठतं आणि सक्शनने ओढलं जातं. पण समजा एका मिनिटाच्या पाण्याचा फक्त हजारावा भाग, म्हणजे ०.०५ मिलिलिटर, १० मायक्रॉनच्या थेंबांत फुटला. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. किती थेंब होतील? साडेनऊ कोटी. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे दाढ कोरायला दीड मिनिटही होत नाही तोवर माणशी एकेक थेंब वाटून होतो.

आता हे थेंब जातात कुठे ते पाहू. १०० मायक्रॉनचा थेंब पाच फुटांवरून पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. त्याने चष्मा, ॲप्रन, ट्रे खराब होतात, पण तो पुसता येतो. १० मायक्रॉनच्या थेंबाला आठेक मिनिटं लागतात. एक मायक्रॉनचा कण मात्र स्थिर हवेत बाराएक तास तरंगू शकतो, आणि खोलीत माणसं हिंडत असली, पंखा फिरत असला, तर तो खाली येण्याची वाटच बघायला नको. विषाणू स्वतः ०.१ मायक्रॉनचा. पहिला रुग्ण बिल देऊन रिक्षात बसला, तरी त्याच्या फवाऱ्यातली हवा दुसऱ्या रुग्णासाठी खुर्चीभोवती थांबलेली असते. २०२०च्या उन्हाळ्यात सगळ्या दंतवैद्यांची झोप उडवली ती या एका कल्पनेने.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९ मे २०२० रोजी दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रतिबंधित क्षेत्रात दवाखाना बंद, लाल विभागात फक्त तातडीचे उपचार, नारिंगी आणि हिरव्या विभागात थोडी मोकळीक, आणि नेहमीची कामं सगळीकडे पुढे ढकलायची. ठाणे जिल्हा केंद्राच्या लाल यादीत होता. म्हणजे सूज, पू, न थांबणारा रक्तस्राव, अपघात एवढ्यांनाच दार उघडं. कॅप बसवायची राहिलेले, ब्रेसेसची तार टोचणारे सगळे रांगेत.

त्या सूचनांमधला हवेविषयीचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. काम चालू असताना छताचा पंखा लावू नका. डॉक्टरच्या पाठीमागे टेबल फॅन ठेवा, वारा रुग्णाकडे जाऊ द्या, आणि हवा एकाच दिशेने बाहेर जाईल अशा जागी जोरदार एक्झॉस्ट फॅन बसवा. सरकारी कागदात टेबल फॅन कुठे ठेवायचा हे लिहिलेलं क्वचितच सापडतं! पण बाजारात धावपळ चालली होती ती वेगळ्याच गोष्टींची. अंगभर पांढरे सूट, धुरळणीची यंत्रं, निळे दिवे, दारात फवाऱ्याच्या कमानी. माणसांवर जंतुनाशक फवारू नका, असं त्याच मंत्रालयाने एप्रिलमध्येच बजावलं होतं. तरी कमानी उभ्या राहिल्याच. डोळ्यांना दिसणारी सुरक्षा विकली जाते. हवा दिसत नाही, म्हणून ती कोणी विकत नव्हतं.

उल्हासनगरात हवेचा हिशोब आणखी अवघड होतो. शहर सुमारे १३ चौरस किलोमीटरचं. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव. कॅम्प एक ते पाच ही गणती अजून पत्त्यांत टिकून आहे. दर चौरस किलोमीटरला सुमारे ३९,००० माणसं, म्हणजे मुंबई महापालिका क्षेत्राहूनही जास्त दाटी. रस्ते, नाले, वालधुनी नदी, बाजार सगळं धरून माणशी वाट्याला येतात २५.७ चौरस मीटर, साधारण २७५ चौरस फूट. अशा शहरात दवाखाना बहुधा एखाद्या गाळ्यातच निघतो. पुढे काच, मागे आंधळी भिंत, डोक्यावर स्प्लिट एसी.

समजा उपचाराची खोली १० बाय १० फूट आणि छत ९ फुटांवर. आतली हवा झाली ९०० घनफूट, म्हणजे साडेपंचवीस हजार लिटर. स्प्लिट एसी हीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो, बाहेरची एक चिमूटही आत आणत नाही. हवेतले कण ९९ टक्के निघून जायला किती वेळ लागतो, याचं एक कोष्टक अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने फार पूर्वीपासून छापलेलं आहे. तासाला दोनदा हवा बदलत असेल तर १३८ मिनिटं. सहा वेळा बदलत असेल तर ४६. बारा वेळा, तर २३.

या आकड्यांचं रूपांतर रुग्णांत करू. टाळेबंदीआधी वीस मिनिटांना एक धरला तर आठ तासांत २४ रुग्ण. आता उपचाराला ३० मिनिटं, हवा निवळायला कोष्टकातला वेळ, आणि मग पुसणं-आवरणं, किट बदलणं याला १५ मिनिटं. बंद गाळ्यात, तासाला दोन बदलांवर, दिवसाला दोन रुग्ण होतात. सहा बदलांवर पाच आणि बारा बदलांवर सात. भाडं, खुर्चीचा हप्ता, मदतनीस मुलीचा पगार तेवढाच राहतो आणि २४ जणांत वाटला जाणारा खर्च दोघांवर येतो. इंग्लंडमध्ये नेहमीचे दंतोपचार ८ जून २०२० पासून पुन्हा सुरू झाले, तेव्हा फवारा उडवणाऱ्या प्रत्येक कामानंतर खोली तासभर रिकामी ठेवायचा नियम होता. तिथे निदान काही खर्च सरकारी योजना उचलत होती. इथे गाळेमालकाला हवेचं कोष्टक कोण दाखवणार?

दोनाचे सात करायला काय लागतं? ९०० घनफुटांची खोली बारा वेळा बदलायची तर तासाला १०,८०० घनफूट हवा बाहेर गेली पाहिजे, मिनिटाला १८०. स्वयंपाकघरातला नऊ इंची एक्झॉस्ट फॅन कागदावर याहून जास्त हवा ओढतो. जाळीवरची धूळ आणि समोरची भिंत यांत थोडी गळती होते, पण जमतं. अट एवढीच की हवा आत यायलाही वाट हवी. दार घट्ट बंद असेल तर पंखा नुसताच गरगरत राहतो. तपासायचं कसं? खुर्चीच्या डोक्याशी उदबत्ती धरायची. धूर सरळ पंख्याकडे गेला तर ठीक. तो डॉक्टरच्या स्टुलाभोवती घोटाळला, तर टेबल फॅनची जागा बदलायची आणि पुन्हा बघायचं. मोठमोठ्या रुग्णालयांतही धुराच्या नळीने हेच करतात.

खरी अडचण भिंतीला भोक पाडण्याची. सोसायटीची परवानगी लागते, आणि “कोरोनाची हवा आमच्या गॅलरीत सोडणार का?” हा प्रश्न मीटिंगमध्ये कोणीतरी विचारतंच. उघड्या गल्लीत गेलेली हवा क्षणात विरळ होते, हे समजावून सांगता येतं. पण भोक जर न्हाणीघरांच्या अरुंद डक्टमध्ये उघडत असेल, तर शेजाऱ्याचं म्हणणं बरोबर आहे.

आकड्यांची आवड असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र घेऊन बसावं. बाहेरच्या हवेत त्या काळी दहा लाख भागांत सुमारे ४१५ भाग हा वायू होता, आणि आपल्या उच्छ्वासात तो असतो सुमारे ४०,०००. डॉक्टर, मदतनीस आणि रुग्ण असे तिघे मिळून तासाला ५५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. आपल्या गाळ्यात दोन बदलांवर यंत्र हळूहळू १,५०० जवळ जाऊन थांबेल, बारा बदलांवर ६०० जवळ. याचा अर्थ असा की पहिल्या खोलीत तुम्ही घेतलेल्या दर ३७ श्वासांतला एक आधी कोणाच्या तरी फुप्फुसातून जाऊन आलेला असतो. दुसऱ्या खोलीत सव्वादोनशे श्वासांत एक.

बाकीचे थर या हवेच्या वर चढतात. दाताभोवती रबर डॅमचा पडदा लावला की फवाऱ्यातले जंतू सुमारे ७० टक्क्यांनी घटतात. जाड नळीचं जोरदार सक्शन ९० टक्क्यांहून जास्त ओढून घेतं. नीट बसलेला एन-९५ मास्क ९५ टक्के अडवतो. एक लाख कण सोडले तर डॅमनंतर ३०,०००, सक्शननंतर ३,०००, मास्कच्या आत १५०. कागदावर गणित झकास दिसतं. पण हे टक्के वेगवेगळ्या प्रयोगांतले, बरेचसे जीवाणू मोजून काढलेले, आणि प्रत्येक थर आपापलं काम पूर्ण करील असं गृहीत धरलेले. मास्कखाली दाढी असली की १५० चा आकडा विसरायचा. सक्शनचंही तसंच. जाड नळी मिनिटाला १०० घनफुटांपर्यंत हवा ओढू शकते, म्हणजे आपल्या गाळ्यातली सगळी हवा नऊ मिनिटांत. पण बऱ्याच छोट्या दवाखान्यांत असते ती लाळ ओढणारी बारीक नळी. गालाच्या कोपऱ्यात लटकून ती सुर्रसुर्र करते, आणि फवारा वरून निघून जातो.

मास्कच्या किमतीचीही एक गंमत. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये एन-९५ मास्कवर १९ ते ४९ रुपयांची मर्यादा घातली. त्याआधीचे कित्येक महिने दुकानदार सांगेल तो भाव होता, आणि एकच मास्क कागदी पाकिटात पाच दिवस विश्रांतीला ठेवून पुन्हा घालायचे प्रकार जगभर चालले होते.

दवाखाना पुन्हा उघडताना एका गोष्टीकडे मात्र फार थोड्यांनी पाहिलं. खुर्चीतून एअरोटरपर्यंत पाणी नेणारी नळी आतून साधारण दोन मिलिमीटरची असते. तीन मीटर लांब धरली तर तिच्यात पाणी मावतं जेमतेम साडेनऊ मिलिलिटर, दोन चमचे. पण आतल्या भिंतीचा पृष्ठभाग भरतो १८८ चौरस सेंटिमीटर. एवढ्याशा पाण्याला एवढी मोठी भिंत, म्हणून जीवाणूंचा बुळबुळीत थर तिथे फार लवकर धरतो. अमेरिकेतल्या निकषाप्रमाणे दर मिलिलिटरला ५०० च्या वर जीवाणू नकोत. साचून राहिलेल्या नळीत ते लाखांत जातात. मार्चपासून जूनपर्यंत नळीतलं पाणी जागचं हललं नव्हतं. शिवाय एअरोटर थांबला की क्षणभर उलटं ओढतो आणि रुग्णाच्या तोंडातलं थोडं पाणी आत घेतो. झडप नसेल किंवा झिजली असेल तर ते पुढच्या रुग्णापर्यंत जाऊ शकतं. म्हणून उघडायच्या दिवशी आधी नळ्या जंतुनाशकाने धुवायच्या, मग भरपूर पाणी सोडायचं, आणि एअरोटर प्रत्येक रुग्णामागे ऑटोक्लेव्हमध्ये टाकायचा. १३४ अंशांवर तीन मिनिटं हे खरं, पण तापणं आणि सुकणं धरून फेरा अर्ध्या-पाऊण तासाचा होतो. एकाच एअरोटरवर दवाखाना चालवणाऱ्याचं वेळापत्रक इथेच कोसळतं.

या नळीचं महत्त्व कळलं २०२१ मध्ये. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी फवाऱ्यातले सूक्ष्मजीव कुठून आले याचा जनुकीय माग काढला. बहुतांश यंत्राच्या पाण्यातून आलेले निघाले, लाळेचा वाटा अगदी किरकोळ. गणितही तेच सांगतं. कोविडच्या सुरुवातीच्या एका जर्मन अभ्यासात थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये सरासरी ७० लाख विषाणू-प्रती सापडल्या होत्या. त्या हिशोबाने १० मायक्रॉनचा निव्वळ लाळेचा थेंब असेल, तर २७० थेंबांत एकात विषाणू. पण मिनिटाला ५० मिलिलिटर पाण्यात लाळ मिसळते एखाद-अर्धा मिलिलिटर. पन्नास ते शंभर पट पातळ झाली की साडेतेरा ते सत्तावीस हजार थेंबांत एक. त्यातही प्रती म्हणजे सगळे जिवंत विषाणू नव्हेत. अमेरिकेत जून २०२० मध्ये सुमारे २,२०० दंतवैद्यांची पाहणी झाली. ज्यांना कोविड झाला होता किंवा झाला असावा, असे एक टक्क्याहूनही कमी निघाले. आलेखात वरच्या टोकाला असलेल्या माणसांचा हा आकडा! तरीही ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नेहमीचे दंतोपचार लांबवायचा सल्ला दिला आणि अमेरिकन दंतवैद्यांच्या संघटनेने त्याला उघड विरोध केला. त्या वादात माझं मत विरोध करणाऱ्यांच्या बाजूला झुकतं.

कारण धोका यंत्रापेक्षा बोलण्यात जास्त होता. मे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की एक मिनिट मोठ्याने बोललं तर विषाणू असलेले हजारभर थेंब आठ मिनिटांहून जास्त वेळ हवेत राहू शकतात, आणि त्यात पातळ करायला पाण्याचा फवारा नाही. आता दवाखान्याचं दार डोळ्यांसमोर आणा. कपाळावर तापमापक, हातावर सॅनिटायझर, फॉर्मवर सही.

“आजी, मास्क आत्ता नको काढू. खुर्चीत बसलीस की मग मी सांगतो.”

“अहो डॉक्टर, मग मी बोलू कशी? तुम्हाला ऐकू तरी येतंय का?”

डॉक्टरांनी दोन मास्क आणि वर काच लावलेली. आजी ओरडून सांगणार, डॉक्टर ओरडून विचारणार. तेवढ्यात लेक मास्क हनुवटीवर घेऊन मध्ये बोलणार. फवाऱ्याच्या खोलीत सगळे सूट घालून होते आणि थेंब काउंटरवर उडत होते. मागे दोन बाय चारच्या जागेत डॉक्टर आणि मदतनीस मास्क काढून एकत्र डबा खायचे, ते वेगळंच.

आणि मुळात एअरोटर सगळ्या कामांना लागतच नाही. दाढ चिमट्याने निघते. पू फोडायला छोटी सुरी पुरते. हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमरने भरण्याची पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात विकसित झाली, वीज नसलेल्या खेड्यांसाठी. फेरे शून्य, फवारा शून्य. जून २०२० मध्ये ती उल्हासनगरच्या गाळ्यालाही तितकीच लागू होती. तोंडाची नुसती तपासणी करायला तर आरसा आणि दिवा पुरतो. २०१६-१७च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, त्यातले बहुतेक खाणारे, मिश्री लावणारे. तीन शहरांत साडेसहा लाख प्रौढ धरले, तर पावणेदोन लाखांच्या घरात तोंडं अशी की ज्यांत कोणीतरी अधूनमधून डोकावायलाच हवं. तंबाखूमुळे तोंडात उठणारा पांढरा चट्टा दुखत नाही. म्हणून तो ‘तातडीचे उपचार’ या यादीत कधीच बसत नव्हता.

एप्रिल-मे २०२१ मध्ये दुसरी लाट आली, आणि कोविडमधून उठलेले, बहुतेक मधुमेही रुग्ण एक विचित्र तक्रार घेऊन दंतवैद्यांकडे येऊ लागले. कीड नाही, हिरडीचा जुना आजार नाही, तरी वरच्या बाजूचे तीन-चार दात एकदम हलायला लागलेत, गाल बधिर वाटतोय. तो म्युकरमायकोसिस हा बुरशीचा संसर्ग होता. वर्षअखेरीपर्यंत देशात नोंदलेले रुग्ण पन्नास हजारांवर गेले. या बुरशीत उपचाराला थोडा उशीर झाला तरी डोळा किंवा जबडा जाऊ शकतो. तोवर १६ जानेवारीपासून सुरू झालेल्या लसीकरणात अनेक दंतवैद्यांना डोस मिळाले होते आणि दवाखाने उघडे होते. हलणारा दात बघून रुग्णाला त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवायचं काम कित्येक ठिकाणी याच खुर्च्यांवरून झालं, एअरोटर सुरू न करता.